शिळावर्तुळांपासून श्रद्धावनापर्यंत: विदर्भातील दफनस्थळे

मृतदेह मातीत ठेवण्याची चाल विदर्भात किमान अडीच-पावणेतीन हजार वर्षांची आहे आणि ती कुणा एका धर्माची मिरासदारी नाही. मुसलमान आणि ख्रिस्ती दफन करतात हे सर्वांना ठाऊक असते. पण गोंडांमध्येही दफनाची जुनी रूढी आहे. लिंगायत पुरतात, गोसावी आणि नाथपंथी जोगी पुरतात, महानुभाव साधूंना माती दिली जाते, संन्याशाला चितेवर ठेवत नाहीत आणि एरवी दहन करणाऱ्या घरांतही तान्हे मूल गेले तर त्याला जाळत नाहीत. त्यामुळे या भागातील नामवंतांच्या दफनस्थळांची यादी करायला बसले की तिच्यात घोड्यासह पुरलेले लोहयुगीन मानकरी, चांद्याचा गोंड राजा, इंग्रज वकिलातीतला अधिकारी, स्कॉटलंडचा मिशनरी, कामठीचा अवलिया, शेगावचे संत आणि वरोऱ्याचे एक वकील अशी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली माणसे शेजारी शेजारी येऊन बसतात.

नागपूर जिल्ह्यातील यांपैकी बरीच स्थळे कन्हानच्या खोऱ्यात आहेत. सातपुड्यातून उतरून छिंदवाड्याकडून येणारी ही नदी सावनेर तालुक्यातील वाकीजवळून वाहते, कामठीपाशी पेंच आणि कोलार तिला मिळतात, पुढे नागपूर-भंडारा रस्त्यावरच्या मौद्याला वळसा घालून ती वैनगंगेकडे जाते. नागपूर शहरातली नाग नदीही शेवटी तिच्यातच येते. नागपूरहून सुमारे ३५ किलोमीटरवर असलेले मौदा या पट्ट्याच्या जवळजवळ मधोमध पडते. नदीच्या वरच्या अंगाला लोहयुगातली दफने आणि छावणीचे गाव कामठी, तर खालच्या अंगाला अंभोऱ्याची समाधी.

सर्वांत जुनी दफने म्हणजे शिळावर्तुळे. शेताच्या कडेला किंवा मुरमाड माळावर मोठमोठे काळे धोंडे गोलाकार मांडलेले असतात, आत माती आणि गोट्यांचा भराव असतो, आणि त्याखाली हाडांचे अवशेष, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, तांब्याची भांडी आणि मणी सापडतात. नागपूरच्या पश्चिमेस काटोल रस्त्यालगत जुनापाणी येथे अशी सुमारे ३०० वर्तुळे आहेत. तिथल्या काही धोंड्यांवर कुणीतरी मुद्दाम कोरलेले वाटीएवढे खळगे ओळीने दिसतात. बोट फिरवले तर त्यांची कड अजून जाणवते. ते कशासाठी कोरले याबद्दल अभ्यासकांची मते जुळत नाहीत. माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, बोरगाव, भागीमाहोरी ही अशीच आणखी काही स्थळे. नायकुंड पेंचच्या काठी आहे आणि तिथे दफनांबरोबर लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली. म्हणजे कुऱ्हाडी बाहेरून आणलेल्या नव्हत्या, इथेच घडत होत्या.

यांत सर्वांत लक्षवेधी ठरली ती माहूरझरी. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या देखरेखीखाली १९७० च्या सुमारास झालेल्या उत्खननात तिथे माणसाबरोबर घोडाही पुरलेला आढळला. घोड्याच्या तोंडात लोखंडी लगाम होता आणि मस्तकावर तांब्याच्या पत्र्याचे अलंकार होते. घोडा तेव्हा स्वस्त नव्हता. धन्याबरोबर घोडा पुरायचा म्हणजे त्या घराची, त्या कुळाची ऐपत मोठी आणि गावात त्याचा शब्द चालणारा. त्याचे नाव कुठेही नोंदलेले नाही, कारण लिहिणे या भागात अजून यायचे होते. तरीही विदर्भातील नामवंतांच्या यादीत पहिला मान त्यालाच द्यावा लागतो.

या वर्तुळांचा शोध इंग्रजी अंमलात सुरू झाला. मेजर पियर्स या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने १८६७ मध्ये कामठीच्या छावणीपासून मैलभरावर असलेल्या वारेगावचे एक मोठे वर्तुळ खणले आणि तिथल्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. जुनापाणीचा वृत्तांत रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळच्या साहेबांना ही थडगी मध्य आशियातून आलेल्या शकांची वाटत. हा तर्क पुढे टिकला नाही, पण त्याच तर्कापायी एका माणसाचा जीव गेला. तो प्रसंग पुढे येईल.

बौद्ध काळात दफनाला वेगळे रूप आले. देहाचे दहन करून अस्थी स्तूपात ठेवायच्या, म्हणजे जाळणे आणि पुरणे दोन्ही. वैनगंगेकाठच्या पवनीला १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात मोठे स्तूप उघडे पडले. त्याच पवनीत महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या नावाचा लेख असलेला एक छायास्तंभ मिळाला आहे. छायास्तंभ म्हणजे मृताच्या आठवणीसाठी उभारलेला दगडी खांब. त्याखाली देह असतोच असे नाही. गावोगावच्या वीरगळांची आणि भामरागडकडे माडिया गोंड आजही मृताच्या नावाने उभे करतात त्या दगडांची जातकुळी यापेक्षा फार वेगळी नाही. अस्थी जपण्याची चाल विसाव्या शतकात नागपुरात पुन्हा दिसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दहन डिसेंबर १९५६ मध्ये मुंबईत झाले, पण त्यांच्या अस्थींचा अंश दीक्षाभूमीवर ठेवलेला आहे आणि तिथे पुढे उभा राहिला तो स्तूपच.

कन्हानचे पाणी वैनगंगेला जिथे भेटते त्या परिसरात, कुही तालुक्यात, अंभोरा आहे. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आणि हरिनाथांची समाधी. हरिनाथ हे नाथपरंपरेतले सत्पुरुष. त्यांचे शिष्य रघुनाथ आणि रघुनाथांचे शिष्य मुकुंदराज. ‘विवेकसिंधु’ हा मराठीतील आद्य ग्रंथांपैकी एक मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये लिहिला असे ग्रंथातील उल्लेखावरून मानले जाते आणि त्यातले अंबानगर म्हणजे वैनगंगेकाठचे हे अंभोरेच, असे विदर्भातील अभ्यासक हिरिरीने सांगतात. दुसरा पक्ष बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचा. मुकुंदराजांची समाधी म्हणून जी पूजली जाते ती अंबाजोगाईजवळच्या दरीत आहे. आजेगुरू वैनगंगेवर आणि नातशिष्य बालाघाटाच्या डोंगरात अशी वाटणी दोन्ही पक्षांनी नाइलाजाने मान्य केल्यासारखी आहे. गोसीखुर्द धरणानंतर अंभोऱ्याच्या पायथ्याशी पाणी दूरवर पसरले आहे आणि वैनगंगेवर तारांनी पेललेला मोठा पूल झाल्यापासून समाधीपेक्षा पुलावरच गर्दी जास्त असते.

गोंड राजांची थडगी पाहायची तर चंद्रपूर, म्हणजे जुन्या चांदा, जिल्ह्यात जावे लागते. चंद्रपूर वसवणारा म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या खांडक्या बल्लाळशाहची समाधी बल्लारपूरला आहे, पण खरी देखणी वास्तू चंद्रपूरच्या अचलेश्वर देवळाजवळची. ती राजा बिरशाहची. या राजाची कथा रक्ताने माखलेली आहे. त्याची मुलगी देवगडच्या गोंड घराण्यात दिली होती. सासरी तिचा अपमान झाला म्हणून बिरशाहने जावयावर चाल करून त्याचे मुंडके कापले आणि महाकालीला वाहिले, असे चांद्यात सांगतात. महाकालीच्या देवळावर देवगडकडे तोंड करून बसवलेले दगडी मुंडके त्याचेच, अशी लोकांची समजूत आहे. पुढे बिरशाहचाही खून झाला, तोही त्याच्याच पदरच्या हिरामण नावाच्या माणसाकडून. मागे राहिलेल्या राणी हिराईने राज्य तर सांभाळलेच, शिवाय नवऱ्याची समाधी बांधली आणि महाकालीचे देऊळही उभारले.

समाधीवर मोगली वळणाचा घुमट आहे. गोंड राजा, शैव देवळाची सोबत आणि मुसलमानी धाटणीची इमारत हे मिश्रण पाहून कुणाला नवल वाटेल, पण त्या काळी दख्खनमध्ये थडगे म्हटले की डोळ्यांसमोर घुमटच येई. मराठवाड्यातील खुलदाबादला सूफी संतांच्या सावलीत मलिक अंबर, औरंगजेब आणि पहिला निजाम आसफजाह असे एकमेकांचे वारस आणि वैरी एकाच गावात पुरलेले आहेत. त्यांतल्या मलिक अंबरच्या कबरीवरचा घुमट गवंड्यांना किती काळ नमुना म्हणून पुरला असेल ते सांगता येत नाही. देवगडच्या घराण्यात तर बख्त बुलंदने इस्लाम स्वीकारला होता. नागपूर शहर वसवले ते त्यानेच, अठराव्या शतकाच्या आरंभी. बिरशाहची समाधी आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. निळी पाटी आहे, कुंपण आहे. माणसे मात्र महाकालीला जातात. चैत्राच्या यात्रेत देवळापुढे पाय ठेवायला जागा नसते, आणि ते देऊळ बांधवून घेणाऱ्या राणीच्या नवऱ्याकडे फारसे कुणी फिरकत नाही.

नागपूरकर भोसल्यांच्या बाबतीत एक घोटाळा नेहमी होतो. जुन्या शुक्रवारीत त्यांच्या ज्या छत्र्या आहेत त्यांनाही समाधीच म्हणतात, पण भोसले दहन करणारे. पहिला रघुजी १७५५ मध्ये वारला, दुसरा रघुजी १८१६ मध्ये आणि तिसरा ११ डिसेंबर १८५३ रोजी. तिसऱ्याला औरस वारस नसल्याचे निमित्त करून डलहौसीने पुढच्याच वर्षी राज्य खालसा केले. त्यांच्या छत्र्यांखाली देह नाहीत, दहनाच्या जागेची ती खूण आहे. वर्ध्याला गोपुरीत जमनालाल बजाजांची आणि पवनारला धाम नदीकाठी विनोबांची जी स्मृतिस्थळे आहेत त्यांचाही प्रकार हाच. भोसल्यांपैकी ज्याने इंग्रजांशी अखेरची झुंज दिली तो अप्पासाहेब तर नागपुरात नाहीच. कैदेतून निसटून रानोमाळ भटकत तो जोधपूरच्या आश्रयाला गेला आणि तिथेच १८४० मध्ये वारला.

त्या झुंजीत पडलेले इंग्रज मात्र नागपुरातच राहिले. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाई पेटली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. रेसिडेंट जेंकिन्सजवळ जेमतेम दीड हजार सैन्य, समोर अप्पासाहेबाचे त्याच्या दहापट. छोटी टेकडी भोसल्यांच्या अरब शिपायांनी घेतलीसुद्धा होती. कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाने ऐनवेळी चढाई केली, टेकडीवर दारूचा साठा उडाला आणि पारडे फिरले. ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूचे ठार आणि जखमी मिळून साडेतीनशेहून अधिक. मेलेल्यांत जेंकिन्सचा पहिला मदतनीस जॉर्ज सॉथबी होता. हा लढवय्या नव्हता, वकिलातीतला मुलकी अधिकारी होता. पुढे टेकडीवर किल्ला बांधला गेला आणि त्या लढाईत पडलेल्यांची थडगी किल्ल्याच्या आवारात आली. त्याच आवारात नवगजा अली शाह बाबांची मजार आहे. १८५७ मध्ये इथे फाशी दिलेल्या टिपू सुलतानच्या नातवाची आणि त्याच्या आठ साथीदारांची नऊ प्रेते एका ओळीत पुरली, म्हणून ती कबर नऊ गज लांब, अशी आख्यायिका शहरात प्रचलित आहे. लांब कबरीला नवगजा पीर म्हणण्याची पद्धत हिंदुस्थानात अनेक ठिकाणी आहे, तेव्हा आख्यायिका जपून घेतलेली बरी. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने ही दोन्ही स्थळे वर्षातून मोजक्या दिवशीच पाहता येतात: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. एकीकडे राज्य जिंकताना पडलेले आणि दुसरीकडे त्याच राज्याने फासावर चढवलेले, दोघांची राखण आता एकच पहारेकरी करतो.

नागपुरात पुरलेल्या परकीयांपैकी विदर्भाला सर्वाधिक देऊन गेला तो स्टीफन हिस्लॉप. जन्म १८१७, स्कॉटलंडमधील डन्सचा. १८४५ मध्ये तो फ्री चर्चचा मिशनरी म्हणून नागपुरात आला. धर्मप्रसारात त्याला किती यश आले हा भाग निराळा. त्याची शाळा चालली, पुढे १८८३ मध्ये त्याच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज निघाले आणि ते आजही चालू आहे. पण त्याची खरी ओढ दगडांकडे होती. सुट्टी मिळाली की हातोडी घेऊन नागपूर, उमरेड, चांदा हा मुलूख पालथा घालायचा, वनस्पती आणि प्राण्यांचे जीवाश्म गोळा करायचे आणि लंडनला पाठवायचे. चांदा भागातील मांगलीला मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेनने केले. हिस्लॉपाइट हे खनिजाचे नाव त्याच्याच आडनावावरून पडले. गोंडांची भाषा, देवदेवता आणि लिंगोची कथा त्याने ऐकून टिपून ठेवली.

सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर तो टाकळघाटची शिळावर्तुळे पाहायला गेला. तीच, शकांची म्हणून समजली गेलेली थडगी. ४ सप्टेंबरला दिवस मावळताना तो एकटाच घोड्यावर बसून बोरीच्या मुक्कामाकडे परत निघाला. वाटेतला नाला पावसाने फुगलेला होता. घोडा एकटाच परतला आणि शोध घेतल्यावर नाल्यात प्रेत सापडले. वयाची सेहेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस राहिले होते. नागपुरात त्याचे दफन झाले. त्याची गोंडांविषयीची टिपणे टेंपलने १८६६ मध्ये छापली, म्हणून ती वाचली. हिस्लॉपच्या कॉलेजात शिकून बाहेर पडलेल्या हजारोंपैकी तो अडीच हजार वर्षांपूर्वीची थडगी पाहून येताना बुडाला हे किती जणांना ठाऊक आहे, असा प्रश्न पडतो.

कामठीची छावणी १८२१ ची. तिथे आणि मध्य प्रांतातल्या इतर छावण्यांत मेलेल्या गोऱ्यांची थडगी पुढे इतकी वाढली की सरकारला त्यांची रीतसर नोंद करावीशी वाटली. ओ. एस. क्रॉफ्टन या अधिकाऱ्याने मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील थडग्यांवरच्या लेखांची यादी तयार केली आणि ती १९३२ मध्ये नागपूरच्या सरकारी छापखान्यात छापली गेली. प्रत्येक लेखाबरोबर मृताची थोडक्यात माहिती. या जातीच्या याद्यांमध्ये लढाईपेक्षा पटकी, हिवताप आणि बाळंतपण यांनी मेलेल्यांची संख्या मोठी असते आणि मोडक्या दगडांपेक्षा अशा छापील पानांवरूनच त्यांचा पत्ता लागतो. दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांसाठी वेगळी तजवीज झाली. मध्य आणि पश्चिम भारतात विखुरलेल्या ज्या थडग्यांची कायमची निगा राखणे शक्य नव्हते ती पुण्याजवळ खडकीच्या युद्ध दफनभूमीत हलवण्यात आली. तिथे अशी १,६६८ थडगी आहेत आणि हिरवळ अजून वेळच्या वेळी कापली जाते. छावण्यांतल्या जुन्या कबरस्तानांच्या नशिबी ते आले नाही. संगमरवर निघून गेला आणि शिसे भरलेली अक्षरे उचकटून नेली, हीच बहुतेकांची कहाणी. आपल्या माणसांच्या जुन्या थडग्यांची काळजी वाहणारी एक संस्था १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये निघाली, पण अनुदानाच्या पैशाने भिंत बांधता येते, रोज जाऊन झाडलोट करणारा माणूस त्याने मिळत नाही.

तो माणूस कुठे मिळतो, हे नागपूरच्या उमरेड रस्त्यावर ताजाबादला दिसते. हजरत बाबा ताजुद्दीन यांचा जन्म २७ जानेवारी १८६१ रोजी कामठीचा. लहानपणीच आईबाप गेले, तरुणपणी पलटणीत नोकरी केली आणि मग सारे सोडून कामठीच्या रस्त्यांवर वेड्यासारखे फिरू लागले. १८९२ मध्ये त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली. सोळा वर्षे ते तिथे होते आणि दर्शनाची रीघ इस्पितळाच्या फाटकाशी लागत असे. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी, म्हणजे राज्य खालसा झालेल्या त्याच घराण्याच्या वंशजांनी, त्यांना हमीवर सोडवून सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणले. मधली काही वर्षे बाबा कन्हानकाठी वाकीला काशिनाथ पाटलांकडे राहिले आणि पुन्हा सक्करदऱ्याला आले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी, हिजरी १३४४ च्या मोहरमच्या २६ तारखेला, त्यांचे देहावसान झाले. दफन उमरेड रस्त्याकडेच्या मोकळ्या माळावर करण्यात आले. त्यालाच नागपूरकर मोठा ताजबाग म्हणतात. सक्करदऱ्याचा तो छोटा ताजबाग.

आज तिथे घुमट आहे, बाजार आहे, धर्मशाळा आहेत. उर्सात संदल निघतो, चादरी चढतात, कव्वाली रंगते आणि हार-फुले घेऊन येणाऱ्यांत हिंदूंची संख्या नजरेत भरण्याइतकी असते. अशा दर्ग्यांत आपण ज्याला कबर समजून माथा टेकवतो तो वरचा चौथरा असतो. देह त्याच्या खाली मातीत, उजव्या कुशीवर, तोंड काब्याकडे केलेला असतो. वरच्या चौथऱ्यावर चादरी बदलतात, गुलाबपाणी शिंपडतात, खालच्या मातीला कुणी हात लावत नाही.

ताजुद्दीन बाबांच्या वेळच्या सत्पुरुषांत शिर्डीचे साईबाबा होते आणि त्यांच्या समाधीतही नागपूरचा वाटा आहे. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी विजयादशमीला साईबाबांनी देह ठेवल्यावर दफन उघड्या जागेत करायचे की वाड्यात यावरून भक्तांत वाद झाला. अखेर जिथे देह ठेवला तो वाडा नागपूरचे सावकार गोपाळराव ऊर्फ बापूसाहेब बुटी यांनी बांधायला घेतलेला होता. मुरलीधराची मूर्ती बसवायची म्हणून योजलेल्या जागी साईबाबांची समाधी झाली. शिर्डीचे आजचे समाधिमंदिर म्हणजे मूळचा बुटीवाडा.

संन्याशाला का पुरतात याचे उत्तर शास्त्रात सरळ आहे. संन्यास घेताना माणूस स्वतःचे श्राद्ध स्वतःच्या हाताने उरकतो आणि अग्नीचा त्याग करतो. ज्याने अग्नी सोडला त्याला अग्नी कोण देणार? म्हणून खोल खड्डा घेतात, त्यात देह पद्मासनात बसवतात, गळ्यापर्यंत मीठ भरतात, कापूर, भस्म आणि बेलाची पाने घालतात. जुन्या विधीत शंखाने टाळू भेदण्याचीही रीत आहे. मीठ पाणी शोषून घेते आणि देह कुजण्याची गती मंदावते. त्यावर माती, मातीवर ओटा, ओट्यावर पादुका किंवा शिवलिंग. नाथ, गोसावी, लिंगायत यांच्यात तपशील बदलतो, पण बसवून पुरायचे हे सारखेच. ओटा हळूहळू देऊळ होतो, मग देवळाला सभामंडप येतो.

शेगावला हे सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाले. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात पहिल्यांदा दिसले. त्याआधीचे त्यांचे गाव, घराणे, जात याची खात्रीची माहिती कुणाजवळ नाही, आणि भक्तांना ती लागतही नाही. ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला, त्यांनी देह ठेवला. समाधीची जागा त्यांनी हयातीतच दाखवून ठेवली होती, देऊळही त्याआधीच उभे राहू लागले होते. आज वर राममंदिर आणि खाली भुयारात समाधी अशी रचना आहे. वारकऱ्यांची, एसटीने येणाऱ्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांची आणि पुण्या-मुंबईच्या नोकरदारांची रांग पायऱ्या उतरून जिथे पोचते तिथे ११० वर्षांहून जुनी माती आहे. संस्थानाची टापटीप आणि सेवेकऱ्यांची शिस्त वाखाणली जाते. पुरातत्त्व खात्याला इतक्या स्वच्छतेचे वेड लागावे असे चंद्रपूरच्या घुमटाजवळ उभे राहिल्यावर वाटल्यावाचून राहत नाही.

या सगळ्यांत एकच दफन असे आहे की ज्यामागे धर्माची आज्ञा नाही, जातीची रूढी नाही आणि संन्यासही नाही. मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला, सुखवस्तू ब्राह्मण जमीनदाराच्या घरी. वकिली केली, वरोऱ्याला भंगीकामही करून पाहिले आणि कुष्ठरोग्यांसाठी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपांनी भरलेल्या सरकारी जमिनीवर सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. आधी विहीर खणली, मग शेती. गावकऱ्यांनी ज्यांना वेशीबाहेर काढले होते त्यांच्याच झडलेल्या बोटांनी पिकवलेली भाजी वरोऱ्याच्या बाजारात विकायला गेली, आणि सुरुवातीला ती घ्यायलाही लोक कचरत.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबा आमटे वारले. घराणे दहनाच्या रूढीतले, पण आपल्याला जाळू नये, पुरावे अशी त्यांची इच्छा होती. कारण त्यांच्या स्वभावाला साजेसे होते: चितेसाठी लाकूड जाळायचे ते कशाला, आणि देह मातीत गेला तर निदान झाडांच्या तरी उपयोगी पडेल. शासकीय इतमामात, कुष्ठमुक्त रहिवाशांच्या गर्दीत, आनंदवनातच त्यांना माती देण्यात आली. त्या जागेला श्रद्धावन म्हणतात. तिथे घुमट नाही, संगमरवर नाही, झाडे आहेत. ९ जुलै २०११ रोजी साधनाताई गेल्या, तेव्हा त्यांचेही दफन तिथेच झाले.